भोपळे मास्तरांना दोन तारे

मोहोपाड्याच्या स्टाफ कॉलनीत वाल्मिक ठोंबरे हा मत नसलेला माणूस म्हणून ओळखला जायचा. कारखान्याच्या टाइम ऑफिसात उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाला मत परवडत नाही. कोण आला, कोण गेला, कोण उशिरा आला, एवढंच त्याने बघायचं. का उशीर झाला हे विचारायचं काम वरच्यांचं. घरातही तोच शिरस्ता. भाजी कशी झाली आहे असं बायकोने, माधवीने, विचारलं, की तो ताटाकडे नीट बघून म्हणायचा, "झाली आहे." लग्नानंतर माधवीने काही वर्षं वाट पाहिली आणि मग विचारणंच सोडून दिलं.

अशा माणसाने एका सिनेमाबद्दल जाहीर मत द्यावं, तेही नावगावासकट, हे कोणाला खरं वाटलं नसतं. पण त्याला कारण होतं, आणि ते कारण पुण्यात नोकरीला होतं.

समिधा, म्हणजे वाल्मिकची मुलगी, लहान असताना टीव्हीवर संध्याकाळी 'भोपळे मास्तर' नावाचं कार्टून लागायचं. भोपळ्यासारखं डोकं, काडीसारखे पाय आणि कायम निसटणारा चष्मा असा एक वेंधळा मास्तर. तो प्रत्येक भागात काहीतरी घोळ घालायचा आणि मग कानाच्या पाळीपर्यंत लाल व्हायचा. ते लाल होणं हळूहळू दाखवायचे, गळ्यापासून वर. समिधा तोंडात घास धरून हसायची आणि वाल्मिक तिच्याकडे बघून हसायचा. माधवी दोघांच्या ताटाकडे बघायची. असं बरीच वर्षं चाललं. मग कार्टून बंद झालं, मग समिधाची दहावी आली, आणि मग पुणं.

आणि आता इतक्या वर्षांनी त्याच कार्टूनवरून सिनेमा निघाला होता. चितारलेला नव्हे, हाडामांसाच्या माणसांचा. कर्जतच्या थिएटरला पोस्टर लागल्याचं कळताच वाल्मिकने पुण्याला फोन केला.

"येतेस का शुक्रवारी? आपले मास्तर आलेत."

"बाबा, शुक्रवारी आमचं रिलीज आहे." तिच्या कंपनीतही काहीतरी रिलीज होणार होतं, पण ते सिनेमाचं नव्हतं. "तुम्ही बघून या आणि मला नीट सांगा. 'बघितला' एवढंच सांगायचं नाही हां. नीट सांगायचं."

मग वाल्मिक एकटाच गेला. माधवीला विचारलं होतं, पण ती म्हणाली, "तेव्हा तुम्ही दोघं बघायचात, मी भाकऱ्या करत होते. मला गोष्टच माहीत नाही." परत आल्यावर त्याने बाहेरच्या खोलीत बसून, चष्मा पुसून, समिधाला मोबाइलवर लिहिलं. इतके दिवस जमा झालेली सगळी मतं जणू एकदम बाहेर आली:

'कार्टूनमधले मास्तर चुकत आणि लाजत. सिनेमातले मास्तर चुकतात आणि नाचतात. कार्टूनमध्ये ते पडले की टुंग असा आवाज येई. इथे गुडघा आपटल्याचा आवाज येतो आणि प्रेक्षकाला स्वतःचा गुडघा आठवतो. पोलीस चौकीच्या प्रसंगातला हवालदार तर दुसऱ्याच सिनेमाचा पत्ता विचारायला आल्यासारखा उभा आहे. मास्तर समोर बोलत असताना तो भिंतीकडे का बघतो, हे शेवटपर्यंत कळत नाही. मिशी मात्र चांगली चिकटवली आहे. दोन तारे.'

समिधाचा लगेच फोन. "बाबा, हे भन्नाट आहे! ॲपवर टाका. लोक वाचतील." कुठे दाबायचं, काय भरायचं, सगळं तिने फोनवरून सांगितलं. टोपणनावही चालतं म्हणाली. पण हजेरीच्या रजिस्टरात कोणी टोपणनावाने सही केलेली वाल्मिकने कधी चालवून घेतली नव्हती. त्याने लिहिलं, 'वाल्मिक ठोंबरे, मोहोपाडा', आणि शांत झोपला.

दुसऱ्या दिवशी दुपारी माधवीचा धाकटा भाऊ कमलेश आला. चौक गावी जुन्या हायवेवर त्याचं गॅरेज. एरवी येताना हाताला ग्रीस असायचं, आज पेढ्यांचा बॉक्स होता.

"ताई, भावजी, उद्या कोनी कुठं जायाचं नाय. आख्खी फॅमिली कर्जतला. भोपळे मास्तर बघायला."

"मी कालच बघून आलो," वाल्मिक म्हणाला.

"बघितलाव?" कमलेश उडालाच. "मग मला बघितलंव ना?"

मग सगळं बाहेर आलं. सिनेमावाल्यांची जीप चौकला बंद पडली होती. कमलेशने ती चालू करून दिली, दिग्दर्शकाने त्याचा चेहरा बघितला आणि पळसदरीच्या धरणाजवळ शूटिंगला बोलावलं. घरी पंपाचं काम आहे असं सांगून तो तिकडे जायचा. मागे एकदा टीव्हीच्या कुठल्याशा कार्यक्रमात तो दिसणार म्हणून त्याने गावभर सांगितलं होतं. नेमका तो भाग कापला गेला आणि गावाने वर्षभर त्याला 'टीव्हीस्टार' म्हणून हाका मारल्या. म्हणून या वेळी पडद्यावर स्वतःला स्वतःच्या डोळ्यांनी बघेपर्यंत त्याने एक अक्षर काढलं नव्हतं.

"कोणतं काम होतं तुझं?" वाल्मिकने विचारलं.

"हवालदार!"

"अरे वा," वाल्मिक म्हणाला. "तरीच. ओळखीचा वाटला."

इथे त्याने विषय पेढ्यांवर न्यायला हवा होता. पण कमलेशने खिशातून मोबाइल काढला. "लोकांनी काय काय लिवलंय बघू. कोनीतरी आपल्याबद्दल लिवलं असंलच." आणि तो एकेक मत मोठ्याने वाचू लागला. कोणाला गाणी आवडली होती, कोणाला नव्हती. एकाला पॉपकॉर्न थंड मिळाले होते.

"थांब गं ताई, हे बघ! हवालदार लिवलंय इथं!" कमलेश उठून उभा राहिला. "'पोलीस चौकीच्या प्रसंगातला हवालदार तर…'" माधवीने पदराला हात पुसले आणि कौतुकाने ऐकू लागली. "'…दुसऱ्याच सिनेमाचा पत्ता विचारायला आल्यासारखा…'" आवाज जरा खाली आला. "'…भिंतीकडे का बघतो, हे शेवटपर्यंत…'" अजून खाली. मिशीचं वाक्य त्याने मनातच वाचलं. मग त्याचा अंगठा नावापाशी थांबला. तो कितीतरी वेळ नुसता ते नाव बघत होता, जणू मोहोपाड्यात दुसरा कोणी वाल्मिक ठोंबरे निघतो का, याला संधी देत होता.

"उद्याचं राहू द्या," तो म्हणाला आणि चप्पल घालून निघून गेला. पेढ्यांचा बॉक्स तसाच राहिला.

"अहो," माधवी म्हणाली, "सख्खा मेव्हणा ओळखू येऊ नये?"

"मिशी होती."

"मिशीच्या मागे तोच होता ना?"

संध्याकाळी सासऱ्यांचा, विठूमामांचा, फोन आला. त्यांचा आवाज शेताच्या बांधावरून बोलावं तसा, फोन नसता तरी ऐकू आला असता.

"जावईबापू, पोराला दोन तारे दिलंव म्हनं?"

"मामा, ते सिनेमाला दिले."

"मंग पोराला किती?"

वाल्मिकने फोन दुसऱ्या कानाला धरला. "पोराची आय, सोनुबाय, इथं रडं करून बसलीय," मामा म्हणाले आणि फोन ठेवला.

आता उपाय शोधणं आलं, आणि कॉलनीत उपाय शोधायला फार लांब जावं लागत नाही. उपायच घरी येतात. शेजारचे दशरथ दळवी हे कॉलनीचे सल्लागार. त्यांनी स्वतः काही केल्याचं कोणाला आठवत नव्हतं, पण इतर जे जे करून पस्तावले, त्यामागे बहुतेक दळवीच असायचे.

"मत खोडू नका, ठोंबरे," दळवी पेढा तोंडात टाकत म्हणाले. "खोडलं की संशय येतो. मत पातळ करायचं. आमटी खारट झाली तर वहिनी काय करतात? पाणी घालतात. आपण वरून पाच-पाच तारे ओतू. कॉलनी आहे कशाला?"

वाल्मिकने होकार दिला नाही. पण नकारही दिला नाही, कारण त्याची सवय. रात्रीच्या आत कॉलनीच्या ग्रुपवर निरोप फिरला आणि ज्यांनी सिनेमाचं पोस्टरही पाहिलं नव्हतं, त्यांनी मतं द्यायला सुरुवात केली. 'हवालादार हाच या सिनेमाचा खरा नायक आहे', असं पुष्कळांनी लिहिलं, आणि सगळ्यांनी तो एक जादा काना तसाच ठेवला, कारण दळवींनी मूळ निरोपात तो दिला होता. एकाने हवालदाराच्या नाचाची तारीफ केली. एका वहिनींनी गडबडीत त्यांच्या नव्या मिक्सरबद्दलचं मत इथेच टाकलं: 'भांडं लवकर तापतं, बाकी उत्तम.' त्यालाही पाच तारे.

ॲप चालवणारी माणसं कुठे बसतात कोण जाणे, पण ती दळवींपेक्षा हुशार निघाली. एका सकाळी ती सगळी मतं नाहीशी झाली. सिनेमाखाली सूचना आली की काही संशयास्पद मतं काढून टाकण्यात आली आहेत. आणि त्या सूचनेच्या बरोबर खाली, सगळ्यात वर, निळ्या फितीसकट, 'विश्वासार्ह प्रेक्षक' असं बिरुद लावून, एकच मत झळकत होतं. वाल्मिक ठोंबरे, मोहोपाडा.

फीत लागल्यापासून मत खोडायचं बटणही दिसेना, तेव्हा वाल्मिकने सरकारी मार्ग धरला. 'विषय: मत मागे घेण्याबाबत' असं शीर्षक देऊन त्याने ॲपच्या कंपनीला सविस्तर अर्ज पाठवला. 'महोदय' लिहिलं, 'आपला विश्वासू' लिहिलं. उलट उत्तर आलं की तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे. हीच तर त्याची तक्रार होती. मग एका मुलीचा फोन आला. फार गोड बोलली.

"सर, मत काढून टाकण्यासाठी तुमच्यावर कोणाचा दबाव आहे का?"

वाल्मिकने स्वयंपाकघराकडे पाहिलं. माधवी भाकरी थापत होती. आवाज नेहमीपेक्षा मोठा होता.

"नाही."

"दबाव नसेल तर विश्वासार्ह प्रेक्षकाचं मत काढता येत नाही, सर."

"आणि असेल तर?"

"तर पोलीस तक्रारीची प्रत जोडावी लागेल."

मेव्हण्याच्या हवालदारकीपायी खऱ्या हवालदाराकडे बायकोची तक्रार घेऊन जाण्याची कल्पना वाल्मिकला पेलली नाही. त्याने आभार मानून फोन ठेवला.

तो आठवडा त्याला जड गेला. माधवी बोलायची, पण कामापुरतं. टाइम ऑफिसच्या खिडकीत बसून तो येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघायचा आणि त्याच्या डोक्यात भलतेच विचार यायचे. कार्टूनमध्ये कोणाचा मेव्हणा नसतो, हे त्याला पहिल्यांदा कळलं. चितारलेल्या मास्तरला काहीही म्हणा, तो घरी जाऊन वाचत नाही, त्याची आई रडत नाही. सिनेमात मात्र प्रत्येक मिशीच्या मागे कोणीतरी असतो, आणि त्याने आपल्या माणसांना उद्या चला म्हणून सांगितलेलं असतं.

पण म्हणून मत खोटं होतं का? तेही त्याला म्हणवेना. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी त्याला 'नीट सांगा' म्हटलं होतं आणि त्याने नीट सांगितलं होतं. मग आणखी एक गोष्ट त्याच्या लक्षात आली, आणि ती त्याने कोणालाच सांगितली नाही. थिएटरात त्याने शेजारची खुर्ची रिकामी दिसताच त्यावर पिशवी ठेवली होती, कोणी बसू नये म्हणून. विनोदाच्या जागी दरवेळी त्याची मान तिकडे वळत होती. सिनेमाचे जे तारे कमी झाले, त्यातला एखादा त्या पिशवीने खाल्ला असेल. पण असलं काही ॲपवर लिहायला रकाना नसतो.

शनिवारी दुपारी सुट्टी झाल्यावर त्याने स्कूटर थेट चौकला घेतली. गॅरेजसमोर एक टेंपो उभा होता आणि टेंपोवाला बाकावर चहा पीत होता. कमलेश जीपखाली होता. बाहेर फक्त पाय.

"कमलेश."

पाय हलले नाहीत. "गॅरेज बंद हाय."

"शटर तर उघडं आहे."

"भावजींसाठी बंद हाय."

वाल्मिक एका जुन्या टायरवर टेकला. पायांशी बोलायची त्याला सवय नव्हती, पण डोळ्यांशी बोलण्यापेक्षा ते सोपं गेलं. "तुला ओळखलं नाही, हे माझं चुकलं. ओळखायला हवं होतं. ते मत काढायचा प्रयत्न केला, निघत नाही."

"र्‍हाऊ द्या. निळी फीत लावलीय ना? मिरवा."

"पण कमलेश, एक विचारू? तो हवालदार भिंतीकडे का बघत होता?"

जीपखाली पान्याचा आवाज थांबला. मग कमलेश पाठीवर सरकत बाहेर आला. कपाळावर काळा पट्टा, डोळे लाल.

"खरंच इचारताव?"

"खरंच."

"आख्ख्या चौकात कोनी इचारलं नाय. सगळे बोलले, भारी केलंस. काय भारी केलं, एकाला सांगता येत नाय." तो उठून बसला. "भावजी, माझी चार वाक्यं होती. मास्तर छत्री हरवली म्हनून तक्रार द्यायला येतो. आनि छत्री हाय त्याच्याच पाठीला, कॉलरला अडकवलेली. मला दिसते. हसू फुटतंय. पन एवढ्या वयाच्या मान्साच्या तोंडावर हसायचं कसं? म्हनून मी भिंतीकडं बघतो. हसू गिळतो. मग वळतो आनि बोलाय लागतो. ते सगळं कापलं. 'बसा' ठेवलं आनि भिंत ठेवली."

वाल्मिक टायरवर पुढे सरकला. "मग पुढे काय होतं?"

कमलेशने त्याच्याकडे पाहिलं, मग खिळ्यावरची छत्री काढली. "उभे र्‍हावा."

"मी?"

"मास्तर कोन करनार? टेंपोवाला?"

टेंपोवाल्याने चहा बाजूला ठेवला. वाल्मिक उभा राहिला. कमलेशने छत्रीची मूठ त्याच्या कॉलरला मागून अडकवली. हायवेवरून गाड्या जात होत्या, आणि टाइम ऑफिसचे वाल्मिक ठोंबरे पाठीला छत्री लावून भर गॅरेजात उभे होते. कमलेशने त्याला बघितलं, ओठ दाबले आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. त्याचे खांदे थोडे हलले. मग तो वळला, तेव्हा चेहरा अगदी गंभीर होता, अगदी मऊ.

"बसा. काय हरवलंय, मास्तर?"

"छत्री," वाल्मिक म्हणाला.

"रंग?"

"काळा."

"शेवटची कुठं बघितलीव?"

मास्तरचं उत्तर वाल्मिकला माहीत नव्हतं. तो खरंच विचार करू लागला. "आठवत नाही," तो हळूच म्हणाला, आणि का कोण जाणे, त्याचा गळा गरम झाला, मग गाल, मग कानाच्या पाळ्या. टेंपोवाला खुदखुदला. कमलेश लिहून घेतल्यासारखं करत मागे गेला, कॉलरवरून छत्री इतकी अलगद उचलली की वाल्मिकला कळलंही नाही. तो शटरबाहेर गेला आणि धावत परत आला.

"मास्तर, आत्ताच कोनीतरी आनून दिली. हीच ना?"

वाल्मिकने छत्री हातात घेतली. त्याला हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणीही आलं. अख्ख्या सिनेमात तो ज्याची वाट बघत बसला होता, ते इथे होतं. कापून टाकलेलं.

"हे ठेवलं असतं तर…" तो म्हणाला.

"तर किती?" कमलेशने पटकन विचारलं. मग स्वतःच हात हलवला. "नको, र्‍हाऊ द्या. तुमी खरं सांगाल."

रविवारी दुपारच्या खेळाला सगळे कर्जतला गेले. माधवी, विठूमामा, सोनुबाई, आणि न बोलावता दशरथ दळवी, जे वाटभर आपण मत कसं पातळ केलं ते सांगत होते. कमलेश वाल्मिकच्या शेजारी बसला. अजून पुरता मोकळा झाला नव्हता. शेंगा पुढे करायचा, पण बघायचा पडद्याकडे.

पोलीस चौकी आली. नेमकी त्याच क्षणी विठूमामांची चप्पल खुर्चीखाली गेली आणि ते वाकले. पडद्यावर कमलेश भिंतीकडे वळला, "बसा" म्हणाला आणि संपला. मास्तर नाचू लागले.

"आला का रं?" मामांनी खालूनच विचारलं.

"गेला, मामा," वाल्मिक म्हणाला.

मामा चप्पल हातात धरून सरळ झाले. त्यांचं तोंड एवढंसं झालं होतं. अंधारात वाल्मिकने बाजूला पाहिलं. कमलेशची नजर पडद्यावर होती, पण पडद्यावरच्या नाचाकडे नव्हती. त्याचे ओठ हलत होते.

"काय हरवलंय, मास्तर?" तो पुटपुटला, स्वतःशीच.

वाल्मिकने क्षणभर वाट पाहिली. मग तोंड जवळ नेऊन हळू म्हणाला, "छत्री."

कमलेश दचकला. मग गालात हसला. "रंग?"

"काळा."

पुढच्या रांगेतला एक गृहस्थ वळून म्हणाला, "अहो, पिक्चर बघू द्या." पण ते दोघं थांबले नाहीत. कुजबुजत छत्री हरवली, शोधली गेली, अलगद काढली गेली, आणि मास्तरला परत मिळाली. पलीकडच्या खुर्चीत विठूमामा चप्पल मांडीवर घेऊन, मान तिरकी करून सगळं ऐकत होते. थिएटरात कोणीच हसत नव्हतं, तेव्हा ते एकटे, बांधावरच्या आवाजात, खदाखदा हसले.